जर उतरला

माझ्या ओठावर जर उतरला आणि त्यापायी इंदूरच्या अर्ध्या मल्हारगंजाने मला मेलेला धरला. हे कसं झालं ते सरळ लिहून ठेवतो. गल्लीत अजून दोन-तीन जण माझ्याकडे बघून हळहळतात आणि मला त्यांची हळहळ नको आहे.

जर म्हणजे ओठाच्या कडेला येणारे पाण्याचे बारीक फोड. आधी तिथं झिणझिणतं, मग आग होते, मग फोड येतात, फुटतात, खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत सगळं जातं. ताप आला की येतो म्हणून जर म्हणतात, पण मला तापाशिवायही येतो. वर्षातून दोनदा, उन्हात उभा राहिलो की हमखास. बत्तीस वर्षं माझी बायको द्वारका त्यावर शंभर वेळा धुतलेलं तूप लावत आली. करंगळीने डबीतलं तूप काढायचं, ते कापसावर घ्यायचं आणि कापूस ओठाला टेकवायचा. बोट ओठाला लावायचं नाही आणि ओठाचा कापूस पुन्हा डबीत घालायचा नाही. मला तिचा हुकूम असे: हात लावू नका, खपली काढू नका, पेला वेगळा, पंचा वेगळा, आणि मंगला लहान होती तेव्हा, पोरीचा पापा घेऊ नका. मी होळकरांच्या रिसाल्यात दफेदार होतो, पण इतका कडक अधिकारी मला तिथे भेटला नाही.

द्वारका मार्गशीर्षात गेली.

त्यानंतर माझी मुलगी मंगला आणि जावई संताजी मला महूला न्यायच्या मागे लागले. मल्हारगंजातल्या या दोन खोल्या सोडा, किल्ली घरमालकाला द्या आणि आमच्याकडे चला. मी म्हटलं, जमणार नाही. शेवटी असं ठरलं की पाडव्यापर्यंत बघायचं. तोवर मी एकटा नीट राहिलो तर राहू द्यायचं. जेवणाची आबाळ झाली, आजारी पडलो किंवा काही कमी-जास्त झालं तर मुकाट्याने महूला जायचं. हे ठरवणारा संताजी. बाप माझ्या मुलीचा मी, आणि परीक्षा माझी.

मी तीन महिने नीट राहिलो. भाकरी येत नव्हती, ती करायला शिकलो. वाकडी व्हायची, पण भाजलेली असायची.

मग फाल्गुनात सरकारने हयातीचा दाखला मागितला. राजधानी भोपाळला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि तिथे बसलेल्या कुणाला तरी शंका आली होती की इंदूरचे जुने पेन्शनर खरोखर जिवंत आहेत की नाहीत. ती फेडण्यासाठी साठीच्या वरच्या माणसांना कचेरीच्या अंगणात उन्हात उभं केलं. माझ्या पुढचे एक म्हातारे दोनदा खाली बसले. चार तासांनी एका पोरसवदा कारकुनाने माझ्याकडे न बघता लिहिलं, जिवंत. संध्याकाळी घरी आलो तर ओठ झिणझिणत होता.

सकाळी उजव्या कोपऱ्यात चार फोड. पाडव्याला आठ दिवस राहिले होते. रंगपंचमी परवाच झालेली, गल्लीतल्या भिंतींवर रंग तसाच होता.

द्वारकेने केलेल्या तुपाची एक डबी घरात होती. ती मी काढली नाही. कोपऱ्यावरच्या धर्मार्थ दवाखान्यात गेलो.

तिथे डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येतात. उरलेले पाच दिवस कंपाउंडर गेंदालाल स्वतःलाच डॉक्टर समजतो. टेबलावर तीन बाटल्या, लाल, पिवळी आणि पांढरी. कुणाला काय झालंय यापेक्षा कोणती बाटली जास्त भरलेली आहे हे बघून तो औषध देतो. माझा नंबर आला तेव्हा मागे बायका बोलत होत्या आणि एक मूल जीव तोडून रडत होतं.

"बोलो दफेदारजी, क्या हुआ?"

"जर उतरा है."

"क्या?"

"जर. जर उतरा. कल शाम से."

त्याची लेखणी थांबली. त्याने कान पुढे केला. "जहर?"

मला वाटलं, हिंदीत याला असंच म्हणत असतील. माझं हिंदी घोड्यांशी आणि शिपायांशी बोलण्यापुरतं. त्यांना कधी जर झाला नाही.

"हां, वही," मी म्हटलं.

"उतरा कि चढ़ा?"

"उतरा. चढ़ेगा काहे को?"

"पर... किया कैसे आपने?"

"मैंने क्या किया? आप ही होता है. मेरे को आदत है, साल में दो बार. घरवाली थी तो सम्हाल लेती थी. अब वो नहीं रही. तुम ऐसा कुछ दो कि पाडवे के पहले खतम हो जाए."

"क्या खतम हो जाए?"

"सब. पूरा साफ."

गेंदालालचा चेहरा त्याच्या तिसऱ्या बाटलीसारखा झाला. तो उठला, आत गेला आणि भला मोठा पेला घेऊन आला. "पी जाओ. एक दम में."

मिठाचं पाणी होतं. मला वाटलं, चूळ भरायला दिलं. मी चूळ भरली आणि खिडकीतून टाकली. ओठाची अशी आग झाली की डोळ्यांत पाणी आलं.

"थूको मत, भिया! निगलो!"

"अरे, होंठ बाहर है, पेट में थोड़ी है!" मी ओरडलो आणि मिशी बाजूला करून ओठ दाखवला.

त्याने बघितलं आणि कपाळाला हात लावला. "हे राम, मुंह भी जल गया."

ओठावरच्या फोडासाठी पेलाभर मिठाचं पाणी पाजणाऱ्या दवाखान्यात बसण्यात मला अर्थ दिसला नाही. मी निघालो. त्याने मागून "पकड़ो, पकड़ो" अशी हाक मारली. मला वाटलं, कुणाचं तरी मूल पळालं.

घरी येऊन मी भाकरीचं पीठ काढलं, तोच खालच्या मजल्यावरच्या भानुमतीबाई जिना चढून आल्या. या बाई द्वारकेच्या मैत्रीण. गल्लीत काय चाललंय हे त्यांना चालण्याच्या आधी कळतं. हातात ताकाचा तांब्या.

"दौलतभाऊजी, आधी हे प्या."

"आता? जेवायच्या आधी?"

"प्या म्हणते ना! सगळं बाहेर येईल."

"काय बाहेर येईल?"

त्या खोलीभर फिरल्या. फळीवरचा वस्तरा घेतला. कोपऱ्यातला दोर घेतला, गादी बांधायचा. मग रॉकेलची बाटली काखेत मारली.

"वहिनी, बाटली राहू द्या. स्टोव्ह कशावर पेटवू?"

"स्टोव्हचं नाव काढू नका!" त्या किंचाळल्या. मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "जीव असा टाकायचा असतो का? द्वारका वरून बघत असेल. ती काय म्हणेल?"

"म्हणेल, खाजवू नका."

दुःखाने माणसाचं डोकं फिरतं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. मी शांतपणे विचारलं, झालंय काय. तेव्हा कळलं. गेंदालालने माणूस पाठवून सांगितलं होतं की दफेदाराने जहर घेतलं, स्वतः कबूल केलं, औषध थुंकून पळाला.

मला हसू आलं. हसल्यावर फोड फुटला आणि रक्त आलं. भानुमतीबाईंनी भिंत धरली.

"अहो, जर! जर उतरलाय! तुम्ही मराठी ना? ओठ बघा माझा!"

"ओठच बघतेय मी," त्या म्हणाल्या. "विषाने भाजलाय."

या बाईंनी आयुष्यात माझ्या ओठावर पंचवीस वेळा तरी जर पाहिला असेल. द्वारकेकडून त्यांनी त्याचं तूपही नेलं आहे. पण गेंदालालने विष म्हटलं, मग विष. एका कंपाउंडरवर जेवढा विश्वास, तेवढा स्वतःच्या डोळ्यांवर नाही. आणि त्यात वाईट वाटल्यासारखं दाखवायचं, पण आतून असा उत्साह की विचारू नका. दुपारपर्यंत जिन्यावर माणसं येऊन गेली. एकाने सांगितलं, लिंबू चोखा. एकाने सांगितलं, झोपू देऊ नका, चालवत ठेवा. कोपऱ्यावरचा हलवाई, ज्याने द्वारका गेली तेव्हा दुकान अर्धा तासही बंद ठेवलं नव्हतं, तो माझा हात धरून रडला. मी जेवत होतो, कालची शिळी भाकरी हातात होती. तरी रडला.

भानुमतीबाईंचा पुतण्या महूच्या बसवर कंडक्टर आहे. त्याच्याकडून निरोप गेला. पाच वाजता मंगला आणि संताजी आले.

मंगला जिना पळत चढली. माझ्या समोर थांबली, माझा ओठ बघितला आणि खाली बसली. "आबा, हा तर जर आहे."

"हो."

"जर आहे हो नुसता!" ती नवऱ्याकडे वळून म्हणाली. हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मला वाटलं, संपलं. एक तरी माणूस शहाणं निघालं.

पण संताजी महूच्या छावणीत स्टोअरकीपर आहे. त्याला मोजल्याशिवाय कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही. त्याने बूट काढले, बाह्या सरसावल्या आणि म्हणाला, "मामासाहेब, रागावू नका. खात्री करून घेतो."

"करा. कालच सरकारने करून घेतली."

त्याने फळ्या पाहिल्या. डबे उघडून हुंगले. हळदीच्या डब्यात बोट घातलं, हिंगाच्या डब्याने शिंकला. देवाच्या मागे पाहिलं. गादी उलटी केली. माझ्या दोन खोल्यांत जेवढं सामान आहे त्याहून जास्त त्याने तपासलं. शेवटी माठाच्या तिवईखाली वाकला आणि तिथून एक पाण्याची वाटी ओढून काढली. वाटीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली पितळेची डबी.

"हे काय?"

मी उठून माठावरचं झाकण नीट केलं.

"मामासाहेब, हे काय आहे?"

"तूप."

"तूप फळीवर असतं. हे माठाखाली, पाण्यात, फडक्यात बांधून?"

"जराचं औषध आहे ते," मंगला म्हणाली. "आई करायची."

संताजीने डबी जमिनीवर ठेवली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. आवाज चढवला नाही. त्याचा हाच गुण मला सर्वांत वाईट वाटतो. "औषध आहे. बरं. मग ओठावर जर, घरात औषध, आणि तुम्ही त्या गेंदालालकडे कशाला गेलात? लावलं का नाही?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्याला देण्यासारखं नव्हतं.

"बघ," तो मंगलेला म्हणाला, "जर असेलही. मी नाही म्हणत नाही. पण माणूस ओठाला औषध लावत नाही, लपवून ठेवतो, विचारलं तर गप्प. हे नीट राहणं नाही. मी उद्या घरमालकाला भेटतो. आणि ही डबी मी नेतो, आमच्या डॉक्टरला दाखवतो. नाहीतर इथेच मोरीत टाकतो."

"तिला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

आवाज जरा मोठा निघाला असेल. खाली भानुमतीबाईंच्या भांड्यांचा आवाज बंद झाला.

संताजी माठातलं पाणी प्यायला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मंगला जवळ सरकली. हळूच म्हणाली, "आबा, खरं सांगा. कधी मनात आलं का?"

पोरीशी खोटं बोलायची मला सवय नाही. "आलं. मार्गशीर्षात रोज यायचं. मग सकाळी नळ यायचा. पाणी भरावं लागायचं."

"आणि आता?"

"आता नळ लवकर येतो."

तिने डबी घेतली, फडकं सोडलं आणि झाकण काढलं. तूप पांढरं होतं ते जरा पिवळं पडलं होतं. मधोमध एक खळगा होता, आणि एका बाजूला ओढल्यासारखी रेघ. द्वारकेची करंगळी लहानपणी दारात चेमटली होती, शेवटचं पेर बाहेरच्या बाजूला वाकडं होतं. दसऱ्यानंतर मला जर आला तेव्हा तिने या डबीतून शेवटचं तूप काढलं, ते तसंच राहिलं होतं. ऊन वाढायला लागल्यापासून मी दिवसातून तीनदा फडकं भिजवत होतो. वितळलं असतं तर सगळं सपाट झालं असतं.

मंगलेने त्या खळग्यावर बोट धरलं, टेकवलं नाही. मग झाकण लावायला लागली. "नका लावू, आबा. मी सांगते त्यांना."

"काय सांगशील?"

तिने झाकण दाबून बसवलं. खरंच, काय सांगणार? की म्हातारा बायकोच्या बोटाच्या खळग्याला माठाखाली ठेवून पाणी घालतो. म्हणजे महू नक्की. मला स्वतःचाच राग आला. दिवसभर मी गल्लीतल्या लोकांना मूर्ख म्हणत होतो, आणि घरी तुपाची पूजा करत होतो. द्वारकेने हे पाहिलं असतं तर तिने मला सोडलं नसतं. तूप लावायला केलंय, बघायला नाही, म्हणाली असती. ठेवून काय त्याचं लोणचं घालणार आहात?

"कापूस दे," मी म्हटलं. "आणि त्यांना आत बोलव."

संताजी आत आला. त्याच्यासमोर मी डबी उघडली. पहिल्यांदा कडेचं तूप घ्यावं असं मनात आलं. पण बाजूबाजूने किती दिवस काढणार? करंगळी सरळ खळग्यात घातली. माझी करंगळी जाड. खळगा फुटला. तूप कापसावर घेतलं, ओठाला लावलं, आणि जावयाला शंका राहू नये म्हणून बोटावर उरलेलं जिभेवर घेतलं. खवट लागलं.

"बसा आता," मी त्याला म्हटलं. "मरतो का ते बघा. तोवर मंगला चहा करेल, पण रॉकेल भानुमतीबाईंकडे आहे."

संताजी चहा होईपर्यंत बसला. मी मेलो नाही. त्याने डबीकडे पाहिलं, मंगलेकडे पाहिलं, ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्याला काय समजलं ते मला माहीत नाही. स्टोअरकीपर माणूस, पण दगड नाही. जाताना फक्त म्हणाला, "पाडव्यापर्यंतच ठरलं होतं. पाडव्याला येतो." घरमालकाकडे गेला नाही.

मंगला दोन दिवस राहिली. मी हुकमाप्रमाणे वागलो. हात लावला नाही. पेला वेगळा, पंचा वेगळा. उन्हात जाताना तोंडावर उपरणं. दाढी केली नाही, तसाही वस्तरा खालीच होता. खवट तूप दोनदाच लावलं, मग मंगलेनेच ते टाकून दिलं. "आबा, याने जखम चिघळेल. नवं करू." माझ्या हातून टाकलं गेलं नसतं.

नवं करायला ती बसली नाही, मला बसवलं. तांब्याच्या परातीत साजूक तूप, त्यावर थंड पाणी, तळहाताने घोटायचं, पाणी फेकायचं, पुन्हा पाणी. असं शंभर वेळा. बाराव्या पाण्याला खांदा दुखायला लागला. तिसाव्या पाण्याला मी भालाफेकीत मोडलेल्या मनगटाची आठवण काढली. तूप तोवर लोण्यासारखं पांढरं झालं होतं, पण शंभर म्हणजे शंभर.

भानुमतीबाई वस्तरा परत करायला वर आल्या. चूक झाली असं म्हणाल्या नाहीत. परातीकडे बघून म्हणाल्या, "कितवं पाणी?"

"त्रेचाळीस."

"पुरे की मग. द्वारका चाळिसाला थांबायची."

"शंभर."

"काय शंभर! मी शेजारी बसलेली असायची ना. चाळीस झाले की म्हणायची, झाले गं शंभर, त्यांना कुठे मोजता येतंय."

बत्तीस वर्षं. बत्तीस वर्षं तिने मला शंभर सांगितलं आणि मी सगळ्या रिसाल्याला शंभर सांगितलं.

मी शंभर पुरे केले. तिच्यावरच्या रागाने केले. तिला दाखवायला केले, असंही म्हणता येईल. सत्तरनंतर मंगला मोजत होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी तोंड धुताना खपली आपोआप पडली. खाली गुलाबी कातडी होती. ठरल्याप्रमाणे पाडव्याला संताजी सकाळच्या बसने आला. मी गुढी उभारली होती, जरा वाकडी. त्याने माझा ओठ पाहिला, खिडकीकडे नेऊन पुन्हा पाहिला. मग फळीवरची पितळेची डबी घेतली, उघडली, हुंगली.

"हे नवं?"

"शंभर पाण्यांचं. तिच्यापेक्षा साठ जास्त."

त्याने झाकण लावून डबी फळीवर ठेवली. माठाखालीही पाहिलं. तिथे काही नव्हतं.

"छावणीत उन्हात उभं राहावं लागतं," तो म्हणाला. "मलाही येतो कधी कधी. थोडं द्याल का?"

मी दिलं. कापसावर काढून. डबीत त्याला बोट घालू दिलं नाही.